उपाशीपोटी रक्त आणि घावणे

लालबागच्या आमच्या चाळीत आता म्हातारी माणसंच उरली आहेत. पोरं विरार-डोंबिवलीला गेली. त्यामुळे मी आरोग्य विम्याची एजन्सी घेतली तेव्हा वाटलं, गिऱ्हाईक दाराशीच आहे! माझा विमा जोडीचा, म्हणजे पोराच्या कंपनीचा विमा संपतो तिथून पुढे चालणारा. पण वर्षभर मला कुणी दारात उभं केलं नाही. मी दिसले की आजारपणच आल्यासारखे चेहरे व्हायचे. घरच्या सासूबाईच म्हणायच्या, "माका काय धाड भरली हा?"

शेवटी विमा कंपनीने कळवलं की महिनाअखेर काम दिसलं नाही तर एजन्सी बंद. मी रडकुंडीला आले. ते बघून सासूबाई उठल्या आणि चाळीतल्या सगळ्या भजनी बायकांना राजी करून आल्या. स्वतःचंही नाव दिलं.

या वयात विमा काढायचा तर आधी उपाशीपोटी रक्त द्यावं लागतं. रक्त घेणारा चाळिशीचा गृहस्थ सकाळीच आमच्याकडे आला, बायकाही जमल्या. मी एका आजींना आणायला खालच्या माळ्यावर गेले आणि परत येऊन बघते तर खोलीभर तोंडं हलतायत. घावणे, चहा, सगळं साग्रसंगीत.

"आई, अहो उपाशीपोटी म्हटलं होतं ना!"

"अगो, तो बिचारो उपाशी इलो. पावणो एकटोच कसो खायत?"

म्हणजे पाहुण्याला सोबत म्हणून झाडून सगळ्यांनी खाल्लं होतं. पाहुणाही तोंडात घास घेऊन माझ्याकडे अपराधी नजरेने बघत होता. "उद्या येतो ताई, पण उद्या शेवटचंच हां," म्हणाला. मी कपाळाला हात लावला. उद्या हा परत येणार, परत उपाशी येणार, आणि या घरात त्याला कोरडा कोण ठेवणार?

यावर तोड सासूबाईंनीच काढली. दुसऱ्या दिवशी देवासमोर केळीच्या पानाखाली घावणे झाकून ठेवले आणि भजन सुरू केलं. नैवेद्य दाखवल्याशिवाय तोंडात काही घालायची आमच्यात कुणाची छाती नाही, पाहुण्याचीसुद्धा. टाळाला दोन्ही हात लागतात, त्यामुळे सुई जिच्याकडे जाई तिचा टाळ बंद पडे. सुई निघाली की बाई दुप्पट जोरात वाजवायची. शेवटचा नमुना घेतला, आरती झाली आणि पंगत बसली.

सगळ्यांचे विमे मंजूर झाले. एक सोडून. सासूबाईंच्या रक्तात शंका आली म्हणून पुढे तपासलं, तर हृदयात काहीतरी निघालं. हे त्यांना कसं सांगावं तेच मला सुचेना. सांगितलं तर त्यांनी आधी विचारलं, "तुझी एजन्सी रवली ना?"

आता धंदा परळ-प्रभादेवीपर्यंत गेलाय, कारण सासूबाई माझ्याबरोबर येतात. मला दारातून कटवणारे त्यांना पाट देतात, चहा देतात. चहा संपला की त्या छातीवर बोट ठेवतात. "माका बघ. सून घरात, तरी उशीर केलंय. विमेवाले नाय म्हणाले. तू उशीर करू नको."

हे त्या हसत हसत सांगतात. समोरचा माणूस चष्मा शोधतो, पेन मागतो, सही करतो. मी मात्र दर वेळी त्या सहीकडे बघते. त्या जागी मला सासूबाईंची सही हवी होती.