न पाहिलेला डाग

हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. त्या रिपोर्टवर 'डाग चमकतो' असं मी लिहिलं, तेव्हा मी डाग पाहिलेलाच नव्हता.

नव्वदच्या दशकात मी श्रीरामपूरजवळच्या एका छोट्या खासगी दवाखान्यात लॅब सांभाळायचो. हिवतापाची एक गोळी काही माणसांच्या रक्तपेशी फोडते. त्यांच्या रक्तात जन्मापासूनच एक कमतरता असते. ती ओळखायला आमच्याकडे पुण्याहून आणलेलं किट होतं. रक्ताचा थेंब किटमधल्या रसायनात मिसळायचा, टिपकागदावर टाकायचा, वाळला की जांभळ्या दिव्याखाली धरायचा. डाग निळसर चमकला तर गोळी द्यायची, काळा राहिला तर नाही. काम तसं सोपं. फक्त दिव्याला वीज लागायची, आणि वीज कधी असायची?

त्या सकाळी जामखेडकडचा एक ऊसतोड कामगार तापानं फणफणत आला. थेंब वाळला आणि लाईट गेली. तास झाला, दीड तास झाला. बाहेर ट्रॅक्टर उभा. टोळीचा मुकादम दारातून ओरडला, "ओ डाक्तर, लाईट गेली की तुमची इद्या बी गेली व्हय? चिमणी आणू का?"

सगळे हसले. मला मुकादमाचा राग आला, वीजवाल्यांचा आला, त्या दिव्याचा तर फारच. तोवर एकाचाही डाग काळा निघाला नव्हता. दिलं लिहून. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, ट्रॅक्टर गेला.

दुपारी लाईट आली. कागद दिव्याखाली धरला. काळा. किट उन्हानं बिघडलं असेल म्हणून स्वतःचं बोट टोचलं. माझा डाग लख्ख चमकला. टोळीचा तळ सायकलनं अर्ध्या तासावर. गेलो नाही. डॉक्टरांना काय सांगू, हेच घोळवत बसलो आणि शेवटी कागद फाडला.

चौथ्या दिवशी त्याची बायको आली. "भाऊ, यांची लघवी कोऱ्या चहावानी व्हायलीय. डोळे बी पिवळे पडलेत."

डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या. माझ्याकडे वळून म्हणाले, "डाग चमकला होता ना?"

"हो सर."

तो वाचला, पण उरलेला हंगाम त्याच्यानं मोळी उचलली गेली नाही. तापच जहाल होता, असं त्याला सांगण्यात आलं. म्हणजे तीच गोळी त्याला पुन्हा कुणीही देऊ शकतं. हा दोष लेकींमार्फत नातवांत उतरू शकतो, हेही त्याला ठाऊक नाही. त्याचं गाव रजिस्टरात होतं. मी आजवर गेलेलो नाही.

ती गोळी तुम्हाला चालत नाही, लेकींच्या मुलांना तपासून घ्या, आणि हे मला त्याच दुपारी कळलं होतं: एवढं त्याच्या तोंडावर सांगणं मी त्याला देणं लागतो.