मास्तरांची लस

चिंचवड स्टेशनावरचे तिकीट मास्तर बोटांनी तिकीट देत नसत. संधिवातानं त्यांची बोटं वाकली होती, म्हणून ते मुठीनं तिकीट पुढे सरकवत आणि सोबत एक प्रश्न विचारत. "ऊन पडलंय, मग छत्री का बरं?" उत्तर मिळेपर्यंत तिकिटावरची मूठ उचलत नसत. मला याचा राग यायचा.

एका वर्षी चऱ्होलीकडे देवीची साथ आली आणि फलाटावर टोचणारा माणूस बसू लागला. मास्तरांचं सुजलेलं मनगट बघून तो कचरला. "असल्या अंगाला लस लागू पडते का, ठाऊक नाही. त्रासही होईल."

"मलाही ठाऊक नाही," मास्तर उत्साहानं म्हणाले. "टोचा. फोड उठला की कळेल."

मग रोज तिकिटाआधी बाही वर. "बघा बरं, काही दिसतंय?" काहीच दिसत नसे. रांगेतली भाजीवाली वैतागायची, "आवं मास्तर, गाडी आली न्हवं! तिकीट द्या, दंड काय दावताय?"

एका सकाळी दंडावर टपोरा फोड होता. मास्तर तापानं फणफणले होते. सांधे इतके ठणकत होते, की तिकीट मीच खिडकीतून हात घालून घेतलं. "घरी जा आता," मी म्हटलं.

"जातो हो. पण बघितलंत ना?" ते फोडाकडे कौतुकानं बघत होते. "माझ्या अंगाचं माझ्याशीच वाकडं आहे, पण ते घरातलं भांडण. परका दारात आला, की आम्ही अजून एकत्र उभे राहतो."