न मांडलेली सूचना

आम्ही नवरा-बायकोनं मिळून शेवटचं काम केलं ते सरकारी मसुदा वाचायचं. वाचत ती होती. मी ओट्यावर झेंडूच्या माळा ओवत होतो. एरवी माळा तिच्याकडं असायच्या, पण त्या दिवसांत तिच्या हातांना सूज होती, सुई धरवत नव्हती. मी तिसरीत शाळा सोडली, ती सातवी पास. म्हणून समितीचे कागद आले की तिनं वाचायचे आणि मी ऐकायचे, असं ठरलेलंच होतं.

समिती म्हणजे आपल्या जिल्ह्यानं पुढं कसं कमवायचं, कुठले धंदे वाढवायचे, ते ठरवणारी. त्यात साहेब लोक, कारखानेवाले, द्राक्षवाले, आणि फुलं-भाजीवाल्यांच्या वतीनं एक मी. एकदा बाजारात अधिकारी आले होते तेव्हा मी मोठ्यानं भांडलो, म्हणून मला घेतलं. भांडणारा माणूस बोलेल, असं त्यांना वाटलं असावं.

"सर्वसमावेशक विकास," तिनं वाचलं.

"म्हणजे काय गं?"

"सगळ्यांना धरून."

"तू हायेस का त्यात?"

"पानं उलटतेय ना. दिसले तर हाक मारते."

ती खरंच शोधत होती. तिला त्या कागदांत एकच गोष्ट पाहायची होती. आमच्या फुलबाजारात बायकांना मुतारी नाही. पुरुष भिंतीकडं तोंड करतात, बायांनी काय करायचं? लग्न झाल्यापासून ती पहाटे पाटी घेऊन बाजारात बसायची, आणि घरून निघायच्या आधीपासून पाणी तोंडाला लावायची नाही. बाजारातल्या सगळ्याच बायका असं करतात. पुढं किडन्या गेल्या तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आजी, पाणी कमी पीत होता का?" ती हसली. "कमी कुठलं, पीतच नव्हते."

मी समितीत गेलो तेव्हाच तिनं बजावलं होतं, तेवढं एक बोला. दोन बैठका झाल्या. दोन्ही वेळा मी बोललो नाही. गार खोली, चकचकीत टेबल, समोर कडक साड्यांतल्या मॅडम. तिथं मुतारी हा शब्द माझ्या तोंडातून निघेना. बाजारात आई-बहिणीवरून शिव्या देणारा मी! घरी आलो की ती विचारायची, "बोलला?" मी म्हणायचो, "बोललो." दोन्ही वेळा.

म्हणून त्या दिवशी ती पान न पान चाळत होती. शेवटचं पान झालं, मग पुन्हा पहिल्यापासून. मी माळेत मान घालून बसलो.

"नाय दिसत हो."

"राहिलं असेल."

"तुम्ही बोलला ना?"

"बोललो म्हणलं ना! किती वेळा सांगू?"

ओरडलोच मी तिच्यावर. खोटं बोलत होतो म्हणून ओरडलो. तिनं चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. तिला कळलं होतं का, ते मला आजही ठरवता येत नाही. एवढंच म्हणाली, "मग उद्या परत बोला. मोठ्या लोकांना दोनदा सांगावं लागतं."

संध्याकाळी दिवा लावायला उठली आणि देव्हाऱ्यापाशीच खाली बसली. मी हाक मारली. चमच्यानं पाणी घातलं, ते ओठांवरून खाली आलं. मग माणसं जमली आणि आम्ही तिला गंगेवर, गोदेच्या घाटावर, पोचवून आलो.

तेव्हापासून ती घरात पानं उलटते. भिंतीवरचं कॅलेंडर फडफडलं, फुलांच्या पुड्यांचा कागद वाजला, की वाटतं, शोधतेय. परवा मी ओरडून म्हणालो, "थांब गं, नाही त्यात!" सुनेनं विचारलं, "बाबा, कुणाशी बोलता?" कुणाशी म्हणून सांगू?

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घर माणसांनी भरलेलं होतं. मी पांढरा सदरा घातला आणि मसुदा पिशवीत टाकला. तिचा धाकटा भाऊ निफाडहून आला होता, तो दारात आडवा झाला.

"दाजी, कुठं?"

"मीटिंगला."

"सुतकात? अहो, ताईची राख गरम हाय अजून."

"म्हणूनच."

"लोक तोंडात शेण घालतील."

"घालू दे. तूही घाल, पण आधी बाजूला सर."

बैठकीत प्रत्येकापुढं पाण्याची बाटली ठेवली होती. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी, तिच्यापुढंही बाटली. मी तिकडं बघायचं टाळलं. तिकडून पान उलटल्याचा आवाज येत होता. म्हटलं तर खोलीत सगळेच पानं उलटत होते.

"मसुद्याला सर्वांची मान्यता आहे असं समजू?" साहेबांनी विचारलं. माना हलल्या. मी उभा राहिलो.

"फुलबाजारात बायकांना मुतारी नाही. ते लिहा."

कोणी मोबाईलमध्ये डोकं घातलं, कोणी खाकरलं. साहेब माणूस सभ्य. म्हणाले, "काका, मुद्दा बरोबर आहे, पण ही नागरी सुविधा झाली. इथं आपण आर्थिक धोरण बघतोय."

मग मी तिचंच बोलणं बोललो, तिनं घरी मला कितीदा सांगितलं होतं तसं. "साहेब, बाई पहाटेपासून पाणी पीत नाही. ऊन चढलं की तिला चक्कर येते, पाटी आवरून ती घरी जाते. उरलेली फुलं येईल त्या भावानं व्यापाऱ्याला टाकून जाते. दुपारचं सगळं गिऱ्हाईक त्याचं. हे आर्थिक नाही तर काय हाय?"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "मागच्या दोन्ही बैठकांना होतात तुम्ही. तेव्हा का नाही मांडलंत?"

"लाजलो," मी म्हणालो. "आणि घरी सांगितलं, बोललो म्हणून. माझी मंडळी काल गेली."

लिहून घेणाऱ्या बाबूनं हळूच विचारलं, "काय लिहू? महिला प्रसाधनगृह?"

"मुतारी लिहा," मी म्हणालो. "आणि बायका पाणी पीत नाहीत, तेही लिहा."

साहेबांनी मान डोलावली. बाबूचं लिहून होईपर्यंत मी खाली बसलो नाही.