किडे वेचलेलं म्हावरं

माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा वैज्ञानिक शोध मला एका मावशीच्या अंगठ्याच्या नखात सापडला. हसू नका. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी कल्याणच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचो आणि सुट्टीच्या दिवशी माशांच्या कल्ल्यांतले किडे मोजायचो. "लोकांचे नवरे घरी मासे आणतात, आमचे किडे आणतात," बायको शेजारणींना ऐकवायची.

हे किडे आधी चिखलातल्या गोगलगाईत राहतात, मग माशात, शेवटी मासे खाणाऱ्या बगळ्यात. मधलं एक बिऱ्हाड उठलं की किडेही संपतात. म्हणून माशात चार किडे सापडले, तर खाडी अजून नांदती आहे असं समजायचं.

डोंबिवलीच्या खाडीवर ही मावशी आणि तिचा नवरा बोईट मासे पकडायचे. दर रविवारी ती माझ्यासाठी दहा बोईटं बाजूला ठेवायची. केमिकलच्या कारखान्यांकडून येणारा नाला कधी लाल, कधी हिरवा. त्याची रंगपंचमी बारमाही. मासळी घटत होती आणि होडीच्या फळ्या कुजल्या होत्या. त्या बदलायच्या की होडी विकायची?

"तू शिकलेला मास्तर. सांग, खाडी जगंल काय?" मावशीने विचारलं.

चार महिने मोजलं. एकही किडा नाही. नाटकातल्या डॉक्टरसारखा चेहरा पाडून मी तिच्या ओट्यावर गेलो. "मावशी, होडी विका. माशांत किडेच नाहीत."

"नसतील कशे? मीच काढते ना!" तिने अंगठ्याचं नख नाचवलं. "पांढऱ्या कण्या चिकटलेलं म्हावरं मास्तरला देऊ? गाव थुंकंल माझ्या तोंडावर. तू यायच्या आधी एकेक कल्ला खरवडून ठेवते."

मी ओट्यावरच नाचलो.

"यालाच लागला किडा," जाळं विणता विणता नवरा म्हणाला.

"होडी दुरुस्त करा!" मी ओरडलो. "आणि मासे साफ करू नका!"

होडीला नव्या फळ्या बसल्या, डांबर लागलं. मावशी नाक मुरडत बोईटं तशीच देऊ लागली. पहिल्या रविवारी इतके किडे निघाले की मी बायकोसाठी जिलबी नेली. दिवाळीनंतर कमी झाले. संक्रांतीला दहा माशांत मिळून दोन. काठावर गोगलगाईंचे नुसते रिकामे शंख. आता माझ्या आधी मावशीच कल्ले उघडून बघायची.

एका रविवारी तिने टोपली पुढे सरकवली. "हात नाय लावला, मास्तर. आईशप्पत."

मी दहाही मासे पाहिले. कल्ले फिके, आणि इतके स्वच्छ की तिच्या नखालाही कधी तसं जमलं नसतं.

"नाय ना एक पन?"

मी मान हलवली.

"होडीला गिऱ्हाईक बघा," ती नवऱ्याला म्हणाली. "नवं डांबर हाय. दिसते चांगली."

"आता कोन घेतो?" तो म्हणाला, आणि जाळ्याची गाठ मारायची ती मारलीच.