त्याच कंपनीचं विमान

विमान पडलं त्या दिवशी माझं तिकीट फ्रिजला लोहचुंबकाने चिकटवलेलं होतं. मी कुठे तरी ठेवून विसरेन म्हणून मुलाने छापून आणून तिथे लावलं होतं. टीव्हीवर जळालेला सांगाडा दाखवत होते, शेपटीवरचं कंपनीचं चिन्ह तेवढं शाबूत. मी उठलो आणि तिकीट बघितलं. तेच चिन्ह. मला वाचायला वेळ लागतो, चित्र ओळखायला लागत नाही.

त्याआधी त्याच कंपनीचं एक विमान उतरताना धावपट्टी सोडून चिखलात गेलं होतं. तेव्हा माणसं वाचली, म्हणून लोक विसरले. या वेळी कोणी विसरू देईना. कुठलंही चॅनेल लावा, तीच आग आणि तोच धूर.

मी नालासोपाऱ्याजवळच्या कळंबचा. सगळा जन्म समुद्रावर गेला. तांडेल होतो, म्हणजे बोट चालवायची आणि खलाशांना जिवंत परत आणायचं. शाळा चौथीपर्यंत, तीही अर्धी. बायको नालासोपाऱ्याच्या बाजारात मासळी विकायची. या पावसाळ्यात ती गेली. त्यावर जास्त लिहीत नाही. घरात जेवायचे दोन पाट आहेत, त्यातला एक भिंतीला उभा करून ठेवलाय. तो मी आडवा करत नाही.

मुलगी मस्कतला असते. जावई समुद्रातल्या तेलाच्या कामावर, एकदा गेला की आठवडेच्या आठवडे परत येत नाही. पोरीला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा बायको होती. आमच्यात पहिलं बाळंतपण आईकडे होतं, पण डॉक्टरने पोरीला प्रवासच करू नको म्हणून सांगितलं. बायको म्हणाली, "पोर नाय येत तं आई जाईल." जन्मात कधी विमानात न बसलेली बाई, पासपोर्ट काढून मोकळी. माझाही काढायला लावला. मी म्हटलं, मला कशाला? तर म्हणाली, "सामान कोन उचलनार? तुमी हमाल म्हनून चला."

ती गेली आणि हमालच तेवढा उरला. मग मी ठरवलं की बाळंतपणाला आपणच जायचं. वाडीतल्या बायका माझ्यावर खूप हसल्या. "आता म्हातारा बाळाला न्हाऊ घालनार काय? पाळना बोटीगत हलवू नका हां!" माझी वहिनी मात्र हसली नाही. तिने मला समोर बसवून दाखवलं, बाळंतिणीला काय द्यायचं, तेल कसं जिरवायचं, हळिवाची खीर किती घट्ट करायची. ओवा, बाळंतशेपा, सुके बोंबील, सगळं बांधलं. बायकोच्या मऊ झालेल्या लुगड्यांची दुपटी शिवून घेतली. आणि मग विमान पडलं.

मुलगा विरारला राहतो, ऑफिसात आहे. संध्याकाळी आला तो चप्पल न काढताच म्हणाला, "बाबा, मी हे रद्द करतोय."

"मग दुसरं बघ."

त्याने मोबाईलवर खूप वेळ बोट फिरवलं. सरळ जाणारी दुसरी विमानं पोरीचे दिवस भरून जाईपर्यंत भरलेली. जी होती ती मध्ये परक्या देशात उतरून बदलायची.

"ते तुम्हाला जमणार नाही, बाबा. मुंबई सेंट्रलला तुम्ही दोनदा हरवलात."

"मुंबई सेंट्रलला समुद्र दिसत नाही. समुद्राशिवाय मला दिशा कळत नाही."

"विमानतळावरून पण दिसत नाही. आणि मी ह्यांच्या विमानात तुम्हाला बसू देणार नाही. आई आत्ताच गेलीय." एवढं बोलून तो पाणी प्यायला आत गेला. त्याचं चुकत नव्हतं. तो घाबरला होता, त्याच्या जागी मीही घाबरलो असतो.

पोरीला फोन लावला. ती म्हणाली, "बाबा, नका येऊ. इथे बाई मिळते कामाला. मी करीन सगळं." तिच्या आईचं अंग तापाने फणफणलेलं असायचं आणि ती "मला काय धाड भरलीय" म्हणून टोपली उचलायची, तोच सूर. म्हणजे मला कळलं ते कळलं. या विमानाने गेलो तर ती एकटी राहणार नाही, नाही गेलो तर एकटी. तिसरी वाट नव्हती.

मग मला बायकोची बोट बघायची रीत आठवली.

पूर्वी एका नाखव्याची, म्हणजे बोटींच्या मालकाची, एक बोट बुडाली. दोन माणसं गेली. त्याच्या दुसऱ्या बोटीवर चढायला कोणी खलाशी तयार होईना. तो माझ्याकडे आला, तांडेल म्हणून ये म्हणाला. मी घरी विचारलं. बायको हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. दुसऱ्या दिवशी मासळीची टोपली घेऊन ती सरळ त्या बंदरावर गेली. तिथे बोट किनाऱ्यावर ओढून दुरुस्तीला घेतली होती. ती समोर बसली. मासे विकले की नाही देव जाणे, पण बघत बसली. परत गेली, परत बसली. मग येऊन म्हणाली, "जावा."

मी विचारलं, काय बघितलंस?

"नाखवा बुडालेल्यांच्या घरी गेला नि भर अंगनात बोलला, तांडेलाला डोळा लागला, मी जोडीला दुसरा मानूस दिला नव्हता, चूक माझी. असं तोंडावर बोलनारा परत तसं करनार नाय. आनि फळ्या बघितल्या. चांगल्या होत्या त्याबी उपटून टाकल्यान."

मी म्हटलं, चूक कबूल केली म्हणून काय समुद्र सोडून देतो?

"नाय सोडत. म्हनून माझ्या भावाला पन सांगितलंय. तोबी त्याच बोटीवर येतोय."

नवऱ्याबरोबर सख्खा भाऊ. असं करायला छाती लागते. पुरुष बोटीचं लाकूड बघतात, इंजिन बघतात. ही माणसं बघायची, आणि बघून झालं की स्वतःचं माणूस त्यात बसवायची. आमच्याकडे बायका मासेमारीच्या बोटीवर जात नाहीत. जन्मभर वाळूवर उभी राहून तिने जेवढं ओळखलं तेवढं मला सुकाणू धरून ओळखता आलं नाही. ती असेपर्यंत हे मी तिला बोललो नाही. आमच्यात बोलत नाहीत. लिहिता येतं, म्हणून लिहितो.

तर मी तिच्या रीतीने बघायचं ठरवलं. पहिली गोष्ट, कंपनीचा साहेब काय बोलतो. टीव्हीवर एक साहेब आला. कागदावरून वाचत होता, मान वर केली नाही. दुःख झालं म्हणाला, चौकशी चालू आहे म्हणाला. चौकशी चालू असेल, मला कळतं. पण मला तो आवडला नाही. बायको टोपली उचलून तिथून निघून आली असती.

राहिली दुसरी गोष्ट, त्यात स्वतःचं माणूस कोण बसवतो. नालासोपाऱ्यात बायकोचं एक जुनं गिऱ्हाईक आहे, एक बाई. तिची पोर लहानपणी आमच्या टोपलीशेजारी पोत्यावर बसून अभ्यास करायची, अंगाला मासळीचा वास घेऊन घरी जायची. ती पोर आता त्याच कंपनीच्या विमानात हवाईसुंदरी आहे. बायको गेली त्या दिवशी ती कामावरून थेट आली होती, गणवेशात. वाळूत तिच्या बॅगेची चाकं फिरेनात, तर बॅग डोक्यावर घेऊन चालत आली. त्या दिवशी कोण कोण आलं ते मला आठवत नाही, पण ती डोक्यावरची बॅग आठवते.

मी त्यांच्या घरी गेलो. चौथा मजला, लिफ्ट बंद. दारातच बाई म्हणाली, "अहो, फोन करायचा ना! मी पोरीलाच खाली पाठवली असती."

पोर घरी होती. डोळे सुजलेले. मी सरळ विचारलं, "तुझ्या कंपनीच्या विमानाने मी मस्कतला जाऊ का?"

ती हसली आणि मग तिचं हसू गेलं. "काका, त्या विमानात माझ्या बॅचची एक होती. आम्ही एकत्र ट्रेनिंग केलं."

बोटीवरचं माणूस गेलं की मागे राहिलेल्याला काय होतं ते मला सांगायची गरज नव्हती.

आई मध्ये बोलली, "मी हिची कामाची बॅग लपवली होती. गादीखाली."

"आणि आपणच त्यावर बसली होती," पोर म्हणाली. "मला सांगतेय, सापडत नाही. काका, गादी अशी उंच झालेली!"

"मग गेलीस?"

"गेले. सकाळचीच फ्लाइट होती. प्रत्येक जण चढताना माझ्या तोंडाकडे बघत होता. मीच रडले तर ते काय करतील? एका आजोबांनी विचारलं, बेटा, डर लगता है? मी म्हटलं, लगता है, आप बैठिए, मैं भी बैठती हूँ."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. मोठमोठे खलाशी मी बघितलेत, एका वादळानंतर दारूच्या गुत्त्यात जाऊन बसले ते परत समुद्रावर आलेच नाहीत. आणि ही एवढीशी पोर, पोत्यावर बसून पाढे म्हणणारी.

"म्हणजे विमान चांगलं आहे?" मी विचारलं.

"काका, मी हमी नाही देऊ शकत. का पडलं ते अजून आम्हालाच कोणी सांगितलेलं नाही. विमानं परत तपासतायत, आम्हाला परत ट्रेनिंगला बोलावलंय. दारं कशी उघडायची, लोकांना कसं बाहेर काढायचं, पहिल्यापासून. एवढंच मला माहीत आहे, एवढंच सांगते."

हे मला साहेबाच्या सगळ्या बोलण्यापेक्षा बरं वाटलं. समुद्रावर हमी देणाऱ्या तांडेलाबरोबर मी कधी गेलो नाही.

मग मी शेवटचं विचारलं. "तुझी आई बसते का तुझ्या विमानात?"

पोर काही बोलायच्या आत आईच बोलली. "बसते म्हणजे काय! पुढच्या आठवड्यात गोव्याला जातेय हिच्याबरोबर. आधीच ठरलं होतं. मी म्हटलं रद्द कर, तर म्हणते, तू नाही आलीस तर मी दुसऱ्यांच्या आयांना कुठल्या तोंडाने बसा म्हणू?"

"आणि तुम्ही जाणार?"

"पोटची पोर रोज जाते तिथे. मी इथे गादीवर किती बसू?"

चहा निवला होता. मी तो तसाच पिऊन उठलो. घरी येऊन मुलाला सांगितलं, मी जातोय. त्याने वाद घातला, पण थोडाच. शेवटी म्हणाला, "बाबा, हे काय लॉजिक आहे?" मी म्हटलं, "तुझ्या आईचं आहे."

विमानतळावर तो काचेपर्यंत आला. मला चाकांच्या खुर्चीत बसवतो म्हणत होता, मी बसलो नाही. आत गेलो. विमानाच्या दाराशी पोचलो तेव्हा माझा हात आपोआप वर गेला आणि मी दाराशेजारच्या पत्र्यावर बोटांनी टकटक केलं. दोनदा. कान लावला. लाकडी बोट अशीच वाजवून बघतात. फळी आतून कुजली असेल तर आवाज बोदा, बद्द येतो. मागची माणसं थांबली. दारातली मुलगी घाबरून म्हणाली, "अंकल, क्या हुआ?"

"कुछ नहीं. बोट बजाके देखा."

"और?"

"पत्रे का मुझे समझता नहीं," मी म्हटलं. खरं ते सांगितलं. ती हसली, मागचे दोघेतिघेही हसले. त्यांचे चेहरे मघापासून दगडासारखे होते, ते जरा सैल पडले. एका बाईने आत शिरताना हळूच पत्र्याला हात लावून नमस्कार केला.

विमान उठलं तेव्हा मी खुर्चीचा दांडा घट्ट धरला होता. घाबरलो होतो, उगाच शौर्य सांगत नाही. खाली समुद्र दिसायला लागला तसा श्वास नीट लागला. बोटी दिसल्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या. एवढ्याशा दाण्यात आम्ही जन्म काढला आणि ती वाळूवरून एवढासा दाणा बघत राहायची. संध्याकाळ होईपर्यंत. बोट दिसली की टोपली घेऊन उठायची आणि मी उतरलो की म्हणायची, "आज उशीर?" बस एवढंच. तिला किती भीती वाटत असेल ते मला त्या खिडकीत कळलं. तरी रोज सकाळी डबा तीच भरून द्यायची.

उतरताना विमान एकदा हललं, मग अलगद टेकलं. बाहेर पडायच्या वेळी दाराशी खांद्यावर सोनेरी पट्ट्या लावलेली एक मुलगी उभी होती. मी तिला हवाईसुंदरी समजलो. शेजारची म्हणाली, "अंकल, ये कैप्टन हैं." माझ्या पोरीच्या वयाची. मी मिशीवाला तांडेल शोधत होतो. माझ्या बायकोला आम्ही कधी मासेमारीच्या बोटीवर पाय ठेवू दिला नाही आणि या पोरीने आम्हा सगळ्यांना समुद्रापार आणून ठेवलं. मी तिला मराठीतच म्हटलं, "बाय, बोट चांगली लावलीस." तिला शब्द कळले की नाही माहीत नाही, पण तिने हात जोडले.

बाहेर गर्दीत पोर उभी होती. पोट पुढे, पाय सुजलेले, एक हात कमरेवर. मला बघून तिने हात हलवला. मग तिची नजर माझ्या मागे गेली, माझ्या मागून येणाऱ्या माणसांत कोणाला तरी शोधायला. सवयीने. तिच्याही लक्षात आलं आणि तिने पटकन माझ्या हातातली पिशवी घेतली.

मी पिशवी परत ओढली. "सोड. हमाल आलाय."

ती हसली, रडली, दोन्ही एकदम. मी म्हटलं, "चल लवकर. बोंबील भिजत घालायचेत."