पदराआडची शिकवणी

सासरी मॅट्रिक झालेली मी एकटीच, तीही दुसऱ्या खेपेला. पण सासूबाईंना खेपेशी काय करायचंय? आमच्या गल्लीपासून थेट धामणकर नाक्यापर्यंत त्यांनी शिकलेल्या सुनेची दवंडी पिटून ठेवली होती. त्यामुळे एका दुपारी समोरच्या खोलीतली बाई आपल्या पोरीचं बखोट धरून दारात उभी राहिली, तेव्हा मला पळायला जागा उरली नाही.

पोरगी तिसरीत होती आणि तिला वाचता येत नव्हतं.

"यंदा वाचलं न्हाय तर परत तिसरीतच," तिची आई म्हणाली. "आन हिचा बाप म्हणतो, बसायचंच हाय तर लूमच्या कारखान्यात बसू दे, सुताच्या कांड्या भरंल. मी भरते तेवढ्या कांड्या बास झाल्या, वहिनी."

झालं, मी गुरू झाले. रोज दुपारी पोरीला समोर बसवायचं, पुस्तक तिच्या मांडीवर द्यायचं आणि वाच म्हणायचं. पंधरा दिवसांत पोरगी वाचायला लागली. पाठ केलं असेल म्हणून कुठलंही पान उघडून दिलं, तरी घडाघडा. मी स्वतःवर इतकी खूश झाले की त्या आठवड्यात दोनदा आमटी करपली. सासूबाईंनी दवंडीत शाळेतल्या बाईंपेक्षा माझा नंबर वर लावला.

मग माझी दाढ सुजली. गालाचा पार नारळ झाला. ते ध्यान कोणाला दिसू नये म्हणून तोंडावरून पदर गुंडाळून मी शिकवायला बसले. पोरगी मान वाकडी करून पदराखाली डोकवायला लागली.

"वाच की."

"काकी, पदर काढा ना. दिसत न्हाय."

"पुस्तक तर तुझ्या मांडीवर आहे."

"पुस्तक न्हाय. तुमचं तोंड."

मला कळेना. तिनेच समजावलं. लूमच्या खडखडाटात कारखान्यात कोणालाच काही ऐकू येत नाही. तिथं सगळे ओठांकडे बघून बोलणं ओळखतात. डबा द्यायला जाऊन जाऊन तीही शिकली होती. आणि मी? पोराला घास भरवताना आईचं तोंड आपोआप उघडतं ना, तसे तिच्या मांडीवरचा धडा बघताना माझे ओठ हलायचे. पंधरा दिवस पोरगी मला वाचत होती.

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. "म्हणजे धडे तूच वाचलेस तर," त्या शांतपणे म्हणाल्या. "बरं झालं. तुझी उजळणी झाली."

दाढेची सूज आठ दिवसांत उतरली, पण शिकवताना पदर मी काढला नाही. पोरीच्या हातात माझा लग्नातला आरसा दिला. ती 'प' म्हणायची, आरशात आपले मिटलेले ओठ बघायची, मग पाटीवरचा 'प' बघायची. दुसऱ्यांची तोंडं ओळखणारी पोर आपलं तोंड ओळखायला मात्र दीड महिना घेऊन बसली. तोवर सासरे सगळ्यांना सांगत सुटले, सूनबाई आता मर्यादेत राहते.

तोंडी परीक्षेच्या दिवशी मी शाळेच्या खिडकीशी उभी, धावतपळत आल्याने पदर खांद्यावरच. बाईंनी न शिकवलेलं पान काढून दिलं; खिडकीतून ते मलाही दिसत होतं. पोरीने पानाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि आवाज न करता ओठ हलवले. मदत मागत असेल म्हणून मी गजांत नाक खुपसलं. तिने परत ओठ हलवले. मी आणखी पुढे झाले. शेवटी तिने चक्क माझ्याकडे पाठ केली आणि वाचायला लागली. अडखळत, शब्दाखाली बोट सरकवत, पण एकेक अक्षर तिचं स्वतःचं. मधे एका जोडाक्षराला ती इतका वेळ थांबली की मी गज घट्ट धरले. तेही सुटलं.

"जा, चौथीत बस," बाई म्हणाल्या.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "मघाशी काय सांगत होतीस गं?"

"किती येळा सांगितलं," ती म्हणाली. "काकी, पदर घ्या."