मंडपवाले तात्या आणि शाळकरी कबड्डी

खेळाडूला मिसरूड फुटलं की मंडपवाले तात्या त्याला निवृत्त समजत. टीव्हीवर भारताचा सामना रंगलेला असो, नाशिकचा अख्खा द्वारका चौक पानटपरीपुढे गर्दी करून उभा असो, तात्या तिकडे पाठ करून चहा पीत. ‘‘त्यात काय बघायचं? ते तयार झालेले हायेत,’’ म्हणत. तात्यांना हवी असत ती अजून तयार न झालेली, शाळेच्या संघातून कबड्डी खेळणारी, गुडघे फुटलेली, दुपारचा डबा सकाळीच संपवून मैदानावर आलेली पोरं. जिल्ह्यातल्या कुठल्या शाळेत आठवीतला कोण चांगली पकड करतो, हे हा पन्नाशीचा गृहस्थ झोपेतून उठवलं तरी सांगे. स्वतःचा धाकटा मुलगा कितवीला आहे असं विचारलं की मात्र आत वळून काकूंना हाक मारी.

मंडपाच्या धंद्यामुळे त्यांची सोय झाली होती. शाळांच्या स्पर्धांना खुर्च्या आणि कनाती तात्यांच्याच जात, पैसे घेत नसत, आणि त्या बदल्यात पहिल्या रांगेतली मधली खुर्ची स्वतःकडे ठेवत. अडचण एवढीच, की लग्नं आणि सामने कधीकधी एकाच दिवशी येत. एकदा पंचवटीतल्या एका लग्नाचा मंडप अर्धा उभा असताना तात्या गायब झाले. मुलीचे वडील शोधत शोधत मैदानावर पोचले आणि कडाडले, ‘‘अहो, मुहूर्त जवळ आलाय!’’ तात्यांनी मान न वळवता सांगितलं, ‘‘नवरदेव कुठं पळून जात नाय. ही चढाई आत्ता संपंल. बसा.’’ ते रागानं उभे राहिले, मग टेकले, मग त्यांनी एका पकडीला टाळी वाजवली. सामना संपल्यावर दोघं एकाच स्कूटरवरून मंडपात आले. लग्न वेळेवर लागलं, पण काकूंनी पुढे कितीतरी दिवस त्या गृहस्थांच्या घरावरून जाणं टाळलं.

पोरगा पुढे उंच होणार की नाही, हे ठरवायची तात्यांची स्वतःची पद्धत होती. ते बाप बघत नसत, मामा बघत. ‘‘बाप फसवतो. मामा नाय फसवत,’’ हे त्यांचं शास्त्र. चांदवडकडचा एक सातवीतला पोरगा त्यांच्या मनात भरला, तेव्हा त्याचा मामा पिंपळगाव बसवंतला कांद्याच्या लिलावात असतो असं कळलं. तात्या एसटीनं पिंपळगावला गेले, मार्केटात कांद्याच्या ट्रॅक्टरांमधून हिंडले, मामाला लांबूनच बघितलं आणि परत आले. मला म्हणाले, ‘‘काम झालं. मामा दारात वाकून शिरतो.’’ त्या बिचाऱ्या मामाला आपली तपासणी झाल्याचा पत्ताही नव्हता.

माझी आणि तात्यांची ओळख वडिलांच्या एसटीडी बूथमुळे. नव्वदच्या दशकात द्वारकेवर आमचा बूथ होता. मी शाळेतून येऊन तिथे बसलेला असे, आणि सामना आटोपला की तात्या घामाघूम होऊन येत आणि मालेगावला हनीफभाईंना फोन लावत. हनीफभाईंचे यंत्रमाग होते आणि खूळ तात्यांचंच. मागांच्या खडखडाटात हनीफभाईंना ऐकू जात नसे, म्हणून तात्या इतक्या मोठ्यानं निकाल सांगत की सिग्नलला थांबलेल्या रिक्षावाल्यांनाही तो समजे. पुढे बूथ बंद पडायला आला, तसा मी त्याच जागेत सायबर कॅफे काढला. तेव्हा नेटवर मित्रमंडळी जमवायची, एकमेकांना स्क्रॅप, म्हणजे दोन-चार ओळींचे निरोप, लिहायची साइट जोरात होती. तात्यांना मी एकदा सहज दाखवली. त्यांनी पडद्याकडे बराच वेळ बघितलं आणि विचारलं, ‘‘म्हणजे इथं लिहिलं की मालेगावला दिसतं? ओरडावं लागत नाय?’’

त्याच आठवड्यात आम्ही शाळकरी कबड्डीची एक कम्युनिटी काढली. बघता बघता तिच्यात बँकेतले कारकून, विम्याचे एजंट, एक दातांचे डॉक्टर आणि अर्थात हनीफभाई असे सगळे चाळिशी उलटलेले लोक जमले. नववीतला कुणी यंदा कोणत्या शाळेत जाणार, कोणाला पुण्याच्या क्रीडा वसतिगृहात घेणार, यावर ते असे भांडत की वाटावं घरच्या सोयरिकी चालल्यात. तात्यांना टाइप करता येत नसे. ते माझ्यामागे उभे राहून सांगत आणि मी इंग्रजी अक्षरांत मराठी बडवत असे. ‘‘लिही, ‘डॉक्टर, तुम्ही दात बघा, पकड आमच्यावर सोडा.’ लिहिलं? आता त्याला जरा रागानं लिही.’’ रागानं कसं लिहायचं ते मला माहीत नव्हतं, म्हणून मी तीन उद्गारचिन्हं टाकी. त्यावर तात्या खूश.

या सगळ्यांच्या गप्पांत एका वर्षी एकच नाव होतं, सोपान. मखमलाबादकडच्या फुलं पिकवणाऱ्या घरातला हा दहावीतला पोरगा. पहाटे झेंडू तोडायचा, मग शाळा, मग मैदान. चढाईला गेला की पाठमोरा होऊन मागच्या मागे अशी लाथ झाडायचा की कोपऱ्यातला गडी बाद झाल्यावरच त्याला कळायचं. दहावीनंतर पोरानं शेतात उभं राहायचं, हे घरात ठरलेलं होतं. सुटकेची एकच वाट होती. क्रीडा वसतिगृहात निवड झाली तर राहणं, जेवण, शिक्षण तिकडेच, आणि तसं झालं तर पाठवते, असं त्याच्या आईनं कबूल केलं होतं. ‘‘हा पोरगा गेला पाहिजे,’’ तात्या दर दोन दिवसांनी म्हणत. त्यांच्या आवाजावरून वाटे, देवाला सांगताहेत.

सोपानवरच्या प्रेमापोटीच तात्यांनी तो घोळ घातला. जिल्ह्याच्या अंतिम सामन्याआधी कम्युनिटीवर दातांच्या डॉक्टरांनी टोमणा मारला, की तुमच्या सोपानची लाथ म्हणजे नशिबाचा खेळ. तात्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. ‘‘लिही,’’ ते गरजले, ‘‘‘नशीब नाय, कला हाय. नीट बघायला शिका. लाथ मारायच्या आधी पोरगा डाव्या हातानं चड्डी वर ओढतो. हात गेला की लाथ आलीच. एवढं बारीक तुम्हाला दिसलं का कधी?’’’ मी लिहिलं. तात्या ऐटीत घरी गेले.

अंतिम सामना मालेगावच्या शाळेशी होता. निवड समितीची माणसं आली होती. सोपाननं पहिली चढाई केली, हात कमरेला गेला, आणि लाथ हवेत असतानाच मालेगावच्या कोपऱ्यातल्या गड्यानं त्याचा घोटा धरला. दुसऱ्या वेळीही तेच झालं आणि तिसऱ्या वेळीही. पोरगा रडवेला झाला. तात्या खुर्चीच्या कडेवर आले. सामना हरल्यावर हनीफभाई आनंदानं मिठी मारायलाच आले. ‘‘तात्या, काय बारीक नजर है तुमची, माशाल्ला! मी प्रिंट काढून पोरांच्या सरला दिला ना. सगळा तुमचाच आशीर्वाद!’’ हनीफभाईंच्या मनात काही वावगं नव्हतं. कौतुक जाहीर लिहिलं, त्यांनी जाहीर वाचलं. पण तात्यांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं मी बघितलं. त्या दिवशी खुर्च्या त्यांनी न मोजताच टेम्पोत भरल्या.

आधीच्या सामन्यांतल्या खेळामुळे सोपानचं नाव निवड चाचणीच्या यादीत तळाला कसंबसं राहिलं. चाचणी पुढच्या आठवड्यात होती आणि समोरच्या बाजूला मालेगावचीच पोरं असणार होती. तात्या कॅफेत येऊन बसले आणि म्हणाले, ‘‘पोराला माझीच दृष्ट लागली. आता मैदानावर पाय ठेवणार नाय.’’ मी म्हणालो, ‘‘तात्या, निदान त्याला सांगा तरी.’’ त्यांना ते फार जड गेलं. सामन्याआधी पोरांशी बोलायचं नाही, त्यांच्या डोक्यात काही घालायचं नाही, हा त्यांचा कडक नियम. तो मोडून दुसऱ्या सकाळी ते मला घेऊन सोपानच्या मळ्यात गेले.

सोपान कमरेएवढ्या झेंडूत उभा होता. तात्यांनी चप्पल बांधावर काढली आणि कुणा मोठ्या माणसापुढे उभं राहावं तसं त्या पोरापुढे उभं राहून सगळं सांगितलं. ‘‘तुझं वाटोळं मी केलं, बाळा. माझं तोंड आवरलं नाय.’’ सोपाननं तोडलेलं फूल पाटीत टाकायचं विसरून विचारलं, ‘‘मी चड्डी ओढतो?’’ तात्या म्हणाले, ‘‘दर वेळेला.’’ सोपाननं तिथेच वाफ्याच्या कडेला एक चढाई करून बघितली. लाथ मारली, मग स्वतःच्या डाव्या हाताकडे बघितलं. हात कमरेलाच होता. पोरगा असा खदखदा हसायला लागला की पलीकडून आई बघायला आली. ‘‘लय भारी, तात्या! हे मला सरांनीबी नाय सांगितलं. आता बघाच तुम्ही.’’ पुढे काय करणार ते त्याने सांगितलं आणि तात्यांचे डोळे लकाकले.

मग सुरू झाला तात्यांच्या आयुष्यातला सगळ्यात कठीण आठवडा. नाशिक जिल्ह्यातली शाळकरी कबड्डीची सगळ्यात मोठी बातमी पोटात होती, आणि लिहायची सोय नव्हती. कम्युनिटीवर डॉक्टर चिडवत होते. हनीफभाई लिहीत होते, ‘तात्या नाराज क्या?’ तात्या कॅफेत येत, माझ्यामागे उभे राहत, ‘‘लिही’’ म्हणत आणि मी बोटं उचलली की ‘‘नको’’ म्हणत. एकदा तर स्वतःच्या तोंडावर उपरण्याचा बोळा धरून बसले. काकू मला विचारायला आल्या, ‘‘अरे, यांना बरं नाही का? घरात भांडतसुद्धा नाहीत.’’

चाचणीला तात्या आले, पण पहिल्या रांगेत बसले नाहीत. मागे, कनातीच्या बांबूला धरून उभे राहिले. सोपान चढाईला गेला. पाठमोरा झाला, डावा हात ऐटीत कमरेला नेऊन त्यानं चड्डी वर ओढली. मालेगावचा कोपऱ्यातला गडी घोटा धरायला खाली झेपावला, आणि सोपान गर्रकन वळून त्याच्या पाठीवर थाप मारून, मधल्या गड्यालाही शिवून, रेषेपार परतला. पुढच्या वेळी हात नेला नाही आणि लाथ मारली. त्यानंतर हात नेला आणि खरंच लाथ मारली. समोरच्यांना कशावर विश्वास ठेवावा कळेना. तात्या बांबू इतका हलवत होते की अख्खी कनात डोलत होती. आणि सगळ्यात मोठ्यानं शिट्टी कोणी मारली असेल, तर हनीफभाईंनी. ‘‘वा रे पोरा! आमचीच टोपी आम्हाला घातली!’’

तात्या आता नाहीत. ते गेले तेव्हा जिल्हाभरातली पोरं आली होती. तात्यांच्या हिशेबानं त्यातली बरीचशी केव्हाच निवृत्त झालेली होती. पण मला आठवतो तो निवड होऊन सोपान पुण्याच्या वसतिगृहात जायला निघाला तो दिवस. पुण्याची एसटी द्वारकेवरून जाते, म्हणून तो आमच्या कॅफेपुढेच पत्र्याची पेटी घेऊन उभा होता. आई, काका, चुलत भावंडं असा सगळा गोतावळा आला होता. सोपान तात्यांच्या पाया पडला. तात्यांनी त्याला उठवलं आणि एवढंच म्हणाले, ‘‘तुझं नुकसान होता होता राहिलं रे माझ्यामुळं. आता मी कोणाला असं टक लावून बघणार नाय.’’

सोपान पटकन म्हणाला, ‘‘असं नका करू, तात्या. आमच्या घरात एवढी माणसं हायेत. मी कधी उठलो, कधी जेवलो, कोणाच्या ध्यानात राहत नाय. माझा हात कुठं जातो, हे तुम्ही बघितलं. मला कोणीतरी एवढं बघतंय, हे कळलं त्या दिवशी मी रात्रभर खूश होतो. हरल्याचं पार विसरलो.’’

एसटी आली. पेटी टपावर गेली, सोपान खिडकीतून हात हलवत पुणे रोडला वळला. बाकीचे पांगले तरी तात्या तिथेच उभे होते, भर रहदारीत, उपरण्यानं खुशाल डोळे पुसत. रिक्षावाले हॉर्न मारत होते. मी त्यांचा दंड धरून त्यांना कडेला आणलं. ‘‘तात्या, घरी सोडू का?’’

‘‘घरी कशाला?’’ तात्यांनी नाक ओढलं. ‘‘सिन्नरला आज सातवीच्या पोरांचा सामना हाय. त्यांना बघायला कोणी जाणार नाय. चल, शटर ओढ.’’

मी शटर ओढलं.